उलटा हात

मामंजी वायरमन होते. चालू गिझरचा प्लग ते आधी उलट्या हाताने चाचपत आणि तापलेला लागला की मुकाट्याने बंद करत. नमस्कार करावा असे हात. त्यांनी वायरिंग केलेल्या एकाही घराला कधी आच लागली नाही.

ते गेल्यावर ह्यांनी गिझर मोबाइलवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगला जोडला. "तू निवांत जप कर, पाणी आपोआप तापेल."

"एवढा लोड त्या इवल्याशा प्लगला सोसेल का?"

"बाबांची सून शोभतेस हो."

दुसऱ्या दिवसापासून माझा जप संपायच्या आत गिझर बंद पडू लागला. मोबाइलवर रोज एकच नोंद असे: प्लगवरचं बटण दाबून बंद केला. घरात आम्ही दोघंच, आणि हे तर अंथरुणात.

आज माळ अर्ध्यावर ठेवून मी न्हाणीघरात गेले. प्लगवरचा दिवा माझ्यासमोर विझला. मामंजींनी शिकवल्याप्रमाणे मी उलटा हात पुढे केला.

प्लग समोर दिसत होता, पण हात त्याला टेकेना. मध्ये एक खरबरीत तळवा होता, चांगलाच तापलेला.