भोपळ्याचं पथ्य

“पुन्हा पांढरं!” मास्तर पिंजऱ्यातलं फडकं खिडकीशी धरून म्हणाले.

फडक्यावर भोपळ्याच्या लघवीचा डाग वाळला होता आणि त्यावर खडूच्या भुकटीसारखा थर होता. मास्तरांनी तो नखाने खरवडला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

“अहो, निदान माझा चहा तरी होऊ द्या,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

भोपळ्या म्हणजे पाच वर्षांचा, गोलमटोल, आळशी गिनी पिग. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तो या दोघांकडे राहिला आणि घराचा मालक झाला. मास्तर खरं तर कुठल्याच वर्गाचे मास्तर नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं साहाय्यक होते. पण ज्यांच्या परीक्षानळ्या त्यांनी धुतल्या ती सगळी पोरं त्यांना मास्तर म्हणत, आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

दीड महिन्यापूर्वी पहिला पांढरा डाग दिसला तेव्हा ते भोपळ्याला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले होते.

“पोटात कॅल्शियम जास्त जातंय,” त्या म्हणाल्या. “आज नुसती वाळू आहे. उद्या खडा झाला तर पोट फाडावं लागेल, आणि या वयात त्याला भूल सोसेलच असं नाही. पालक बंद, लसूणघासाचा चारा बंद. साधं सुकं गवत, काकडी, ढोबळी मिरची. क जीवनसत्त्वाची गोळी मात्र चालू ठेवा, ते गिनी पिगांच्या अंगात तयार होत नाही.”

मास्तरांनी तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. काकडी किती, मिरची किती, पाणी किती. भोपळ्या जगायला हवा होता, कारण मुलगी फोनवर आधी त्याची चौकशी करायची, मग आईबापांची. आणि खरं सांगायचं तर मास्तरांचाही त्याच्यावर जीव होता, फक्त ते तसं म्हणत नसत.

तक्त्यात खोट नव्हती. डाग मात्र हटत नव्हते.

त्याच फ्रिजवर दुसरा तक्ता होता, मास्तरीणबाईंचा. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. त्यांना रोज कॅल्शियमची गोळी होती. एका हाताने पाकिटातून गोळी निघेना, म्हणून मास्तरांनी त्यांच्या आणि भोपळ्याच्या गोळ्या दोन जुन्या, एकसारख्या तपकिरी बाटल्यांत काढून ठेवल्या होत्या. गोळ्या दोन्ही पांढऱ्या, गोल; लेबलं फक्त झाकणांवर. प्रयोगशाळेतली सवय, खण उघडला की वरूनच वाचता आलं पाहिजे. रोज सकाळी दोन्ही झाकणं काढून ओट्यावर ठेवायची, एक गोळी बायकोला द्यायची, अर्धी कुटून भोपळ्याच्या काकडीवर भुरभुरायची, झाकणं परत लावायची. हे काम ते कुणालाही करू देत नसत.

“आंबट लागते हो ही,” मास्तरीणबाई तोंड वाकडं करायच्या.

“औषध आहे, बासुंदी नाही.”

काल हाडांच्या डॉक्टरांनीही मान हलवली होती. “हाड अजून नीट धरत नाही. कॅल्शियम घेताय ना?” प्लास्टर आणखी तीन आठवडे वाढलं. मास्तरीणबाईंना स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती.

आज हातातल्या फडक्याकडे बघताना मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे कॅल्शियम जास्त, तिथे कमी. एकाच घरात!

“तू गोळी खात नाहीस,” ते म्हणाले.

“तुमच्यासमोर तर खाते. आ करून दाखवते रोज, शाळेतल्या पोरीसारखी.”

“तू काहीतरी खातेस. कॅल्शियमची गोळी आंबट कशी असेल? मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाटलीत तू दुसरंच काहीतरी भरलंयस आणि खऱ्या गोळ्या त्याला चारतेयस. गोळ्या चुकवायच्या आणि वर त्याचे लाड करायचे! मागे पालकाचं देठ देताना पकडलं होतं की नाही तुला?”

“एकदा दिलं होतं. एक देठ.” मास्तरीणबाईंचा आवाज कापला. “मी त्याला मारायला निघालेय, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मास्तरांनी काचेच्या दोन वाट्या ओट्यावर मांडल्या आणि दोन्हींत व्हिनेगर ओतलं. हा प्रयोग त्यांनी बत्तीस वर्षं सहावीच्या पोरांसाठी मांडला होता. आम्लात खडू टाकला की बुडबुडे येतात. कॅल्शियमची गोळी म्हणजे दुसरं काय?

त्यांनी बायकोच्या नावाच्या झाकणाची बाटली उघडली, गोळी कुटली, पहिल्या वाटीत टाकली.

भुकटी मुकाट्याने तळाशी बसली. एक बुडबुडा नाही.

“बघ!” मास्तर जवळजवळ आनंदाने ओरडले. “यात कॅल्शियम नाही! आता बोल.”

मास्तरीणबाईंनी त्या वाटीवरून नजर दुसऱ्या वाटीकडे वळवली. रडतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत आता वेगळंच काहीतरी होतं.

“दुसरी वाटी कशाला मांडलीत?” त्यांनी विचारलं.

“प्रयोगात दोन असतात. तुलनेला.”

“मग करा की तुलना.”

पिंजऱ्यात भोपळ्या काकडीसाठी शीळ घालू लागला. मास्तरीणबाईंनी डाव्या हाताने त्याच्या नावाच्या झाकणाची बाटली पुढे ओढली, दातांनी झाकण उघडलं आणि आतली एक गोळी दुसऱ्या वाटीत टाकली.

व्हिनेगर फसफसत वाटीच्या काठापर्यंत चढलं.