मागची जागा

“आडवा हो बघू जरा,” ती म्हणाली.

तो व्हॅनच्या आतल्या उघड्या पत्र्यावर आडवा झाला. रात्रभर लांबच्या गावाची बस चालवून तो नुकताच घरी आला होता. अंगावरचा खाकी शर्टसुद्धा अजून बदलला नव्हता. तिने त्याच्या डोक्यामागे खडूने एक रेघ मारली, टाचांपाशी दुसरी. टाचा मागच्या दाराला टेकत होत्या. म्हणजे पलंग पार दारापर्यंत न्यावा लागणार. खाली कपड्यांचे खण, डाव्या अंगाला शेगडी. मग पाण्याचा कॅन कुठे बसवायचा? खडू हातात धरून ती विचार करत उभी राहिली. उभी कसली, वाकलेलीच, कारण छत डोक्याला लागत होतं.

व्हॅन जुनी होती, शाळेच्या पोरांची ने-आण करून थकलेली. गॅरेजवाल्याकडून घेऊन बाकडी काढून टाकल्यापासून ती घरासमोर उभी होती, आणि येणारेजाणारे विचारत होते, काय दुकान टाकताय का? ती हसून नाही म्हणायची. खरं सांगायला तिला लाज वाटायची.

खरं होतं ते असं. एकदा ठकी, म्हणजे तिची थोरली, शेजारणीला म्हणाली होती, “आमचे बाबा बसमध्ये राहतात. आमच्याकडे फक्त झोपायला येतात.” शेजारीण पोट धरून हसली. हीही हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. मग तिने मनाशी ठरवलं, बाबाला गाडी सुटत नसेल तर आपणच सगळे गाडीत राहायला जाऊ. सुटी मिळाली की निघायचं. चौघंच. दिवसभर ती लोकांचे कपडे शिवायची, मध्येच धाकट्याचं रडणं-पडणं निस्तरायची, आणि मशीन मोकळं झालं की उरलेल्या कापडाचे गाडीसाठी पडदे शिवायची. पाठीचा नुसता काटा ढिला झाला होता.

“पोरांना रुंदीत आडवं झोपवू, आपण लांबीत,” ती म्हणाली. “चालेल ना?”

“चालेल.”

“की त्यांच्यासाठी वर फळी टाकायची? धाकटा पडेल म्हणा.”

“चालेल.”

“काय चालेल? पडलेला?”

तिच्या हातातला खडू मोडला.

“तुला यायचंच नाहीये ना? मग तसं सांग तरी. मी एकटीच वेड्यासारखी मापं घेत बसते आणि तू आपला चालेल, चालेल. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! उद्या सांगते गॅरेजवाल्याला, घेऊन जा म्हणावं तुझा डबा.”

तो छताकडे बघत पडून राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “रागावू नकोस. एक विचारू?”

“विचार.”

“चालवणार कोण?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “हे काय विचारणं झालं? तू. गाडी म्हणजे तर तुझ्या हातचा मळ.”

“हो,” तो म्हणाला. “मीच. दुसरं कोण.” आणि त्याने डोळे मिटले.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिने दोन शब्द आणखी सुनावले असते. पण तो पुन्हा कामावर हजर झाल्यासारखं ‘हो’ म्हणाला होता. तिने मोडलेल्या खडूचे तुकडे गोळा केले. शेगडी, पडदे, खण, पोरांची फळी, सगळ्याचा विचार तिने केला होता. हा एक सोडून.

मान वळवून बघते तर तो झोपला होता. पत्र्यावर, उशीशिवाय. तोंड किंचित उघडं. उजवा पाय तेवढा जागा होता. मागच्या दाराला तो दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. घरी झोपेत लाथा मारतो म्हणून ती कितीदा त्याच्यावर खेकसली होती, धाकट्याला उचलून पलीकडे निजवलं होतं. आज दिवसाउजेडी तिने तो पाय नीट पाहिला. ती लाथ नव्हती. तो ब्रेक दाबत होता.



मग ती खाली उतरली, वळसा घालून पुढे आली आणि पुढचं दार उघडलं. आयुष्यात तिने साधी स्कूटरही चालवली नव्हती. रस्ता ओलांडतानासुद्धा तिला कुणाचा तरी हात लागायचा. तरी ती स्टिअरिंगमागे बसली. पाय कशालाच पोचेनात. चाचपडत तिने सीटखालचा दांडा शोधला आणि सीट करकरत पुढे ओढली.

ठकी अंगणातून धावत आली. “आई, ती बाबांची जागा आहे!”

“हळू बोल. बाबांची जागा मागे आहे.”

ठकीने मागे डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आईने खाली बघितलं. पायाशी दाबायच्या तीन पट्ट्या होत्या, एकीवरही नाव लिहिलेलं नव्हतं. तिने भीत भीत अगदी डावीकडच्या पट्टीवर पाय टेकवला, तशी ती कुरकुरली.

“तो क्लच,” मागून झोपेने जड झालेला आवाज आला. तो कुशीवर वळला. “बाकीचं उठल्यावर शिकवतो.”