पिसाची दाढी

ताडकळसहून एसटीनं परभणीच्या कॉलेजात येणाऱ्या वैष्णवीला प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पिसाचे भाग विचारले. तिनं सगळे सांगितले. वर हेही सांगितलं, की त्यांतल्या बार्बचा मूळ लॅटिन अर्थ दाढी, बार्ब्यूलचा बारकी दाढी आणि कॅलॅमसचा बोरू.

सर खूश झाले. "हे कुणी शिकवलं?"

"बायनामावशींनी. त्या इथं झाडलोट करतात. जुने सर शिकवायचे तेव्हा दाराआडून ऐकून ऐकून त्यांना पाठ झालंय."

बाहेरचे सर मोठ्यानं हसले आणि विभागप्रमुखांना म्हणाले, "मग तुम्ही काय करता हो?"

विभागप्रमुख हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस काढली : सफाई कामगारांनी विद्यार्थ्यांशी बोलू नये, वर्गाजवळ थांबू नये. ती दारावर चिकटवायचं काम बायनामावशींनाच दिलं. मावशींनी पदरानं दार पुसलं, खळ लावली आणि कागद तळहातानं दाबून नीट बसवला.



मग वैष्णवीला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं माय, उलटा तर न्हाई ना लावला? मला कुठं वाचाय येतंय."