कोरडा ओटा

"हात धुतलेस का?" आईनं दारातच विचारलं.

"मी धुवायचे? तपासणी तुझी आहे," मुलगी म्हणाली, तरी बाथरूममध्ये जाऊन हात धुऊन आली.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरावर देखरेख करायची. ओट्यावरून नुसतं बोट फिरवलं तरी तिला कामचुकार आचारी ओळखता येतो, असं तिथले लोक म्हणत. मागच्या खेपेला इथल्या फडक्याला कुबट वास येत होता आणि फ्रिजमधल्या डब्यात हिरवी बुरशी धरली होती. तेव्हाच तिनं बजावलं होतं, "बाबा गेल्यापासून तुझं घरात लक्ष नाही. पुन्हा असं दिसलं तर बॅग भरायची आणि कायमचं माझ्याकडे यायचं."

आईला जायचं नव्हतं.

मुलगी सिंकमध्ये डोकावली. एक थेंब नव्हता. घासणी दाबून पाहिली, कोरडी ठणठणीत.

"शाब्बास. जंतू ओलाव्यात वाढतात, हे आमच्या लोकांच्या डोक्यात अजून शिरत नाही."

"तुझ्या डोक्यात कुणी घातलं?"

मुलगी हसली. भांडी घासायच्या साबणाच्या वडीवरची अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. भाजी चिरायच्या फळीवर सुरीचा ओरखडा नव्हता.

"नवी घेतलीस? बरं केलंस. जुन्या चिरांमध्ये घाण बसते."

कचऱ्याचा डबा आतून चकचकीत होता. शेगडीवर काजळीचा ठिपका नव्हता. फ्रिजमध्ये दूध आणि दोन झाकलेले डबे, बाकी स्वच्छ रिकामी जागा.

"जुनी कढई कुठंय?"

"दांडा ढिला झाला होता. दुरुस्तीला दिलीये."

"जिन्यात वरचे शिंपीकाका भेटले. हातात भाजीची एवढी मोठी पिशवी. काकू गेल्या तेव्हा किती खंगले होते. आता चांगले सुटलेत."

"बसून काम. सुटायचेच," आई म्हणाली आणि तिनं फ्रिजचं दार लावलं. "चहा टाकते."

ती काडेपेटी शोधू लागली.

"राहू दे गं. एवढा लखलखीत ओटा, कशाला घाण करायचा?" मुलीनं फोन काढून सिंकचा, घासणीचा, शेगडीचा फोटो घेतला. मग आईला ओट्याशेजारी उभं करून एक घेतला. "हा आमच्याकडे भिंतीवर लावते. सत्तरीतली बाई एकटी एवढं ठेवू शकते, तर तुम्हाला काय धाड भरलीये, म्हणून विचारते एकेकाला."

आईची मान ताठ झाली.

"राहा बाई तू इथंच," मुलगी म्हणाली. "मी हट्ट सोडला."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आई फाटकात उभी राहिली. मग जिना चढून स्वतःच्या दारापाशी आली, थांबली नाही, आणखी एक मजला चढली आणि जुडग्यातल्या किल्लीनं तिथलं दार उघडलं.

आत शिलाई मशीन थांबलं. ओट्यावर कांद्याची सालं पडली होती. सिंकमध्ये दोन ताटं, दोन कप. शेगडीवर ती जुनी कढई, दांडा घट्ट बसवलेली.

"झालीस पास?" शिंप्यानं चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पैकीच्या पैकी. फोटो लागणार आहे माझा." तिनं बाह्या सरसावल्या आणि ओलं फडकं उचललं. "आणि आपल्या ओट्याची ही काय दशा केलीस रे सकाळपासून?"