आधी पडायला शिका

लोणावळ्याच्या ज्युदो क्लासमध्ये पडण्याच्या सरावाला पोरी वैतागायच्या. "आधी पडायला शिका, मग पाडायला!" चैतालीमॅडम ओरडायच्या.

जवळच्या औंढे गावाहून येणाऱ्या चाळिशीच्या अनिताताई मात्र कधी कुरकुरल्या नाहीत. हनुवटी छातीला टेकवून, मॅटवर हाताची थाप देत त्या पुन्हा पुन्हा पडायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, मागं भिंत आसंल तर डोकं कसं वाचवायचं?"

"अहो, स्पर्धेत भिंत कुठली?" मॅडम हसल्या. पण एवढी जिद्द बघून त्यांनी तेही शिकवलं.

मग एके दिवशी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही तयार झालात. उद्यापासून समोरच्याला पाडायचे डाव शिकवते."

अनिताताईंनी कमरेचा पांढरा बेल्ट सोडला आणि नीट घडी करून मॅडमच्या हातात दिला.

"पाडायचं नको, मॅडम. मला एवढंच शिकायचं व्हतं. आता पडले तरी डोक्याला लागत न्हाई."



दारात चपला घालताना अनिताताई वळल्या.

"उद्यापासून माज्या लेकीला पाठवते. तिचं लगीन ठरलंय."