अप्पांच्या पसंतीची वायरमन

चर्र! भिंतीतल्या बोर्डातून पुन्हा आवाज आला आणि दुपारची शांतता मोडली. शर्वाणीने झोपलेल्या लेकीच्या, इराच्या अंगावरचा हात अलगद काढला.

"सूनबाई, माझंच काहीतरी जळतंय गं," भिंतीतून अप्पा म्हणाले.

तिचे सासरे जाऊन वर्ष झालं होतं. वायरमन म्हणून जन्म काढलेल्या त्या माणसाचा आवाज, आठवणी, चेष्टा, सगळं आता घराच्या वायरिंगमध्ये नांदत होतं. दुरुस्तीला येणाऱ्याची परीक्षाही तेच घेत. सकाळचा माणूस अदबीने चप्पल काढून आत आला, तर अप्पा कडाडले, "अनवाणी बोर्डाला हात लावणारा मला नको!"

आता दुसरी वायरमन, सुलक्षणा आली. शर्वाणी सवयीने म्हणाली, "चप्पल बाहेर काढा हं."

"वहिनी, रबरी आहे, पायातच राहू दे. लादी मी पुसून देते."

अप्पा खूश होऊन हसले. "ही कामाची आहे!"

सुलक्षणाने बोर्ड तपासला. "मेन स्विच बंद करावा लागेल."

"मग अप्पा परत बोलतील ना?"

"बहुतेक बोलतील. पण शब्द नाही देत, वहिनी."

शर्वाणीचा हात स्विचवरच थबकला.

"पोरगी खरं बोलते," अप्पा हळूच म्हणाले. "उगाच आग लागायची. लेकरू झोपतं इथे. कर बंद."

तेवढ्यात इरा डोळे चोळत आली आणि आईच्या कमरेला बिलगली.

"आई, मेन बंद असताना अप्पा कुठे असतात गं?"