लेन्स लावलेली नाही

आता घरात एकही लेन्स येणार नाही, अशी भालचंद्रने बायकोदेखत देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली होती. तरी मलकापूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडची हाताने फिरवून फोकस करायची जुनी पितळी लेन्स पाहिली आणि गडी विरघळला. बुलढाण्याला घरी परतला तेव्हा ती त्याच्या छोट्याशा डिजिटल कॅमेऱ्यावर ऐटीत बसलेली होती.

"हे काय आणलं आता?" शरयूने दारातच धरलं.

नव्या कॅमेऱ्याला अशा जुन्या लेन्सची ओळखच पटत नाही, हे भालचंद्रला पक्कं ठाऊक होतं. त्याने साळसूदपणे कॅमेरा सुरू केला आणि पडदा तिच्यापुढे धरला.

"तूच वाच. कॅमेराच सांगून राह्यला, 'लेन्स लावलेली नाही' म्हणून. हे तर नुसतं झाकण आहे, आत धूळ जाऊ नये म्हणून."

शरयूने वाचलं, मान डोलावली आणि चहा टाकायला गेली. आपल्या हुशारीवर भालचंद्र जाम खूश झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आला, तर न्हाणीघरात नवी कोरी लाल बादली.

"भंगारवाला आला होता," शरयू म्हणाली. "तुमचं ते पितळेचं झाकण देलं त्याले. बादली तर देलीच, वरतून मगही देला!"

भालचंद्रने कॅमेरा सुरू केला. पडद्यावर कालचीच ओळ उमटली.


आज मात्र कॅमेरा खरं बोलत होता.